मताईची मेढ

दुपार चढली की पत्रा बोलायला लागायचा. आधी टक टक असे एकटेदुकटे आवाज, मग सगळीकडून कडकड. तो आवाज आला की सिआला मांडीवरची पाचट बाजूला सारायची, बादली उचलायची आणि आत जायची.

आत पेसामिनो चटईवर पालथा पडलेला असायचा. पाठ, दोन्ही खांदे आणि उजवा दंड इथली कातडी जळून पुन्हा आलेली. गुलाबी, चकचकीत, ओढून शिवल्यासारखी. तिथून घाम येत नव्हता. इस्पितळातून सोडताना नर्सबाई म्हणाली होती, "याला उकाड्यात ठेवू नका. आतली उष्णता बाहेर पडायला याला वाटच राहिली नाही." सिआलाने मान डोलावली होती. तेव्हा त्यांचं जुनं फाले उभं होतं. भिंती नाहीत, चहूकडून वारा, वर उसाच्या पाचटीचं जाड छप्पर. उकाडा तिथे यायचाच नाही.

पण पेसामिनो इस्पितळात होता त्या साली छप्पर शाकारायचं राहून गेलं. पुढच्या वादळाने कुजक्या पाचटीत हात घातला आणि घर समुद्राच्या बाजूला नेऊन टाकलं. मग मदतवाले आले. सिमेंटचे ठोकळे, दोन हातभर खिडक्या, वर पत्रा. दारावर निळी पाटी ठोकली आणि फोटो काढून गेले.

"आलीस?" पेसामिनो चटईत तोंड खुपसूनच म्हणाला.

"आले. उताणा हो जरा."

"नको. पाठीवरच टाक."

तिने ओलं फडकं त्याच्या पाठीवर पसरलं. बोटांना चटका लागावा इतकी पाठ तापली होती. फडकं बघता बघता कोमट झालं. तिने ते पिळलं, पुन्हा बुडवलं.

"बाहेर चल. झाडाखाली नेते."

"तिथे माशा बसतात गं. कातडीला माशी कळत नाही, पण डोक्याला कळते."

दोघंही हसली. मग तो धापा टाकायला लागला, आणि तिने हसणं आवरलं.

ते भाजणंही स्वतःसाठी नव्हतं. थोरल्या भावाच्या होडीचं इंजिन पेटलं होतं. थोरला काठावरून ओरडत होता, "इंजिन वाचव रे, इंजिन!" पेसामिनोने उडी घेतली. इंजिन वाचलं. आजही ती होडी रोज सकाळी खडकांपलीकडे जाते, सिआला तिचा आवाज ओळखते.

हा थोरला म्हणजे कुळाचा मताई. कुळाची जमीन, कुळाचं नाव, कुळाचा शब्द, सगळं त्याच्या हातात. कुळाने त्याला वाएलुपे हा किताब दिला तेव्हापासून त्याचं जन्मनाव कुणी घेत नव्हतं. सिआलासुद्धा त्याला भाऊजी म्हणायची, समोर असला की खाली बघून.

फाले पुन्हा बांधायचं हे तिने वादळानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यातच ठरवलं होतं. बाकी बायका मदतीच्या घराला पडदे लावत होत्या, तेव्हा ती विळा घेऊन कुळाच्या उसात शिरली. पानं कापायची, मोळी डोक्यावर आणायची, वेताच्या पट्टीवर एकेक पान दुमडायचं आणि माडाच्या हिराने टाचत जायचं. अशी एक झड पुरी झाली की दुसरी. उसाच्या पानाची धार बारीक असते. तिच्या दोन्ही हातांच्या बोटांवर आडवेतिडवे काप पडले, मीठ लागलं की जीव वर यायचा. नीरफणसाच्या झाडाखाली दगड मांडून त्यावर ती झडी रचत गेली. रास तिच्या छातीपर्यंत आली तेव्हा तिने निरोप धाडला.

निरोप इओएलुला होता. इओएलु म्हणजे घरं बांधणाऱ्यांच्या जमातीतला, तुफुंगा. नात्याने तिचा चुलतभाऊ. त्याचं पोट त्याच्या आधी घरात शिरायचं आणि त्याचा आवाज त्याच्याही आधी.

"ताई, काय शिजलंय?" तो कुंपणापासूनच ओरडला. खांद्यावर वाकस, मागे हत्यारांची पेटी घेतलेले दोन गडी.

"आधी घराचं बघ, मग खा."

"उपाशी माणसाला घर तिरपं दिसतं. आधी वाढ."

तिने नारळाच्या दुधात शिजवलेला अळूचा गड्डा आणि भाजलेला मासा पुढे ठेवला. त्याने सगळं संपवलं, बोटं चाटली आणि मग पत्र्याच्या घरात डोकावून पेसामिनोकडे बराच वेळ बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडावरचं हसू गेलं होतं.

"हे घर कुणी बांधलं?"

"मदतवाल्यांनी."

"ते राहून बघतात का यात?"

"फोटो काढतात."

इओएलु थुंकला. मग म्हणाला, "चटई आण. मेव्हण्याला बाहेर काढू."

त्यांनी पेसामिनोला चटईसकट उचलून अंगणाच्या पूर्वेला ठेवलं. इओएलु त्याच्या उशाशी मांडी घालून बसला. "काय वाटतं?"

"काय वाटायचं? माती वाटते."

"वारा, अरे. पाठीला वारा लागतोय का?"

पेसामिनोने खांदे हलवून बघितले आणि म्हणाला, "उजव्या खांद्याला लागतोय. कमरेला नाही."

"उचला."

दिवसभर ते त्याला हलवत होते. कुंपणाकडे, विहिरीकडे, माडांच्या ओळीत. सकाळी डोंगरावरून उतरणारी हवा कुठून येते, दुपारी समुद्राची झुळूक कुठे वळते, संध्याकाळी ती कुठे पडते, हे सगळं त्या जळक्या पाठीला विचारून चाललं होतं. जळक्या कातडीला घाम येत नव्हता, माशी कळत नव्हती, पण वारा मात्र तिला इतरांपेक्षा आधी कळत होता. नर्सबाई म्हणायची, हे असं होतं कधीकधी. शेजारच्या बायका कुंपणावरून तोंडावर हात धरून बघत होत्या.

"सिआला, नवऱ्याला वाळत घातलाय का गं?" एकीने विचारलं.

"हो. बाजू बदलायला हात लाव ये."

माडांच्या ओळीपासून थोडं अलीकडे, उंचवट्यावर, पेसामिनोने डोळे मिटले आणि उत्तर देणं बंद केलं. इओएलुने वाकून बघितलं. तो झोपला होता. वादळानंतर पहिल्यांदाच भर दुपारी झोपला होता.

"हलवू नका," इओएलु कुजबुजला. त्याने पेटीतून खुंट्या काढल्या आणि झोपलेल्या माणसाभोवती वाटोळं फिरत एकेक जमिनीत ठोकली. "लांब बाजू समुद्राकडे. दोन्ही टोकं गोल, म्हणजे वादळ घासून जाईल, आत घुसणार नाही. वळचण खाली आणतो, बसलेल्या माणसाच्या डोळ्याइतकी. तिसऱ्या प्रहरचं ऊन आत येता कामा नये. जमिनीला प्रवाळाचे खडे, पाणी खाली निघून जातं. खिळा एकही नाही. सगळं सुंभाने बांधायचं. वादळात घर हललं पाहिजे, माणूस वाऱ्यात पाय हलवून उभा राहतो तसं." मग पूर्वेच्या गोल टोकाच्या मधल्या खुंटीवर त्याने वाकस टेकवली. "आणि ही मेढ कुणाची, ते सांगायला नको."

"वाएलुपेची," सिआला म्हणाली.

घरात मेढी उभ्या राहण्याआधीच त्यांच्यापाशी कोण बसणार ते ठरलेलं असतं. टोकाची मधली मेढ मताईची. त्याने तिथेच बसायचं. तो दुसरीकडे बसला तर त्याने आपली जागा सोडली असं होतं, आणि जागा सोडली म्हणजे किताब सैल झाला.

मेढी उभ्या राहिल्या. नीरफणसाच्या लाकडाचे वाकवलेले वासे चढले. शेजारचा म्हातारा ओसो मांडीवर काथ्या वळून सुंभ पुरवत होता. ओसो कुळाचा बोलका. मानपानाची भाषणं करायची, वंशावळ म्हणून दाखवायची, हे त्याचं काम. हल्ली त्याला कुणी बोलवत नव्हतं, म्हणून तो सुंभालाच सगळं सांगायचा. सांगाडा पुरा झाला तेव्हा मागून आभाळ दिसणाऱ्या टोपलीसारखं दिसत होतं घर. पेसामिनो त्या टोपलीखाली जाऊन बसायचा आणि वासे मोजायचा.

"शाकारणी येत्या आठवड्यात," इओएलु म्हणाला. "तोवर किनाऱ्यावरच्या हॉटेलचं काम उरकतो. वाएलुपेने ठरवलंय ते. जेवणघर शाकारून हवंय त्यांना, आपल्या पद्धतीचं. गोरी माणसं आत बसून म्हणणार, अहाहा, काय गार वाटतं."

"त्यांना पाचट कुठून?" सिआलाने सहज विचारलं.

"ते मी विचारलं नाही. वाएलुपे म्हणाला, मिळेल."

तिसऱ्या दिवशी वाएलुपेची पिकअप गाडी अंगणात आली. मागे गावातली तरणी पोरं उभी होती. वाएलुपे खाली उतरला. कमरेला इस्त्रीची लावालावा लुंगी, पांढरा सदरा, हातात माशा हाकायची शेपटी. त्याने वाशांकडे बघितलं, मग झाडाखालच्या राशीकडे.

"छान शिवल्यात," तो म्हणाला. "हॉटेलचा मॅनेजर खूश होईल."

सिआलाला आधी कळलंच नाही. पोरांनी पहिली झड उचलली तेव्हा कळलं.

"भाऊजी, त्या आमच्या घराच्या आहेत."

"ऊस कुणाचा?"

"कुळाचा."

"आणि कुळाचं बघायचं कुणी?"

पोरं एकेक झड उचलून गाडीत रचत होती. एकाने रास पाडली. वेताची पट्टी मोडल्याचा आवाज आला.

"तुला मदतवाल्यांनी पक्कं घर दिलंय," वाएलुपे समजुतीने म्हणाला. "पाटी लावून. गावात कितीजणांना ते पण नाही. एका घराला दोन छपरं कशाला? तिकडे पाहुणे येणार, गावाचं नाव होणार. जरा कुळाचा विचार कर."

"त्या घरात माणूस शिजतो, भाऊजी."

"सवय होईल."

पेसामिनो सांगाड्याखालून उठून आला होता. उघड्या अंगाने, मेढीला धरून. वाएलुपेची नजर त्याच्या खांद्यांवर पडली आणि लगेच गाडीकडे गेली.

"दादा," पेसामिनो म्हणाला, "उरल्या तर... एक बाजू झाकेल एवढ्या उरल्या तरी चालतील."

"बघू. आणि तुझ्या वाशांवर घालायला पत्रे देतो की. माझ्याकडे पडलेत."

गाडी गेली. वाटेवर पाचटीची पानं सांडत गेली. सिआलाने ती वेचली नाहीत. तिला वेचायची होती, पण शेजारच्या बायका कुंपणाशी उभ्या होत्या. मताईने नेलं त्यावर बोलायचं नसतं, म्हणून त्या अळूबद्दल बोलत होत्या. त्यांचं ते अळूबद्दल बोलणं तिला कानफटात मारल्यासारखं लागलं. नवऱ्याने 'उरल्या तर' म्हटलं, ते त्याहून जास्त लागलं. ज्याचं इंजिन वाचवायला पाठ जाळली त्याच्याकडे हा माणूस उरलंसुरलं मागत होता.

"तू का असं बोललास?" रात्रीचा गड्डा सोलताना तिने विचारलं.

"मग काय बोलायचं होतं?"

ती चुलीवरच्या आधणाकडे वळली. तिने सोललेला गड्डा इतक्या जोराने पाण्यात टाकला की चूल विझता विझता राहिली.

हवा त्या आठवड्यात पडली. माडाचं पान हलेना. शनिवारी पत्रा सकाळपासूनच बोलायला लागला. सिआला विहिरीवरून आली तेव्हा पेसामिनो झाडाखाली नव्हता. माशांना कंटाळून तो आत गेला होता आणि दाराशीच पडला होता. डोळे उघडे, जीभ कोरडी, अंग तव्यासारखं. तो तिला आईच्या नावाने हाक मारायला लागला. तिने आरोळी ठोकली. ओसो धावत आला, शेजारच्या बायका आल्या, त्यांनी त्याला खेचत विहिरीशी नेलं आणि बादल्यांवर बादल्या ओतल्या. संध्याकाळी कुठे त्याने तिला तिच्या नावाने ओळखलं.

त्याच संध्याकाळी इओएलु आला. खांद्यावर वाकस, पण पावलं अशी आपटत की कोंबड्या पळाल्या.

"ताई, मी काम सोडलं."

"काय झालं?"

"झडी तुझ्या आहेत ते मला पहिल्या दिवशीच कळलं. तुझा टाका मी ओळखत नाही का? पण बोललो नाही. ते तुमच्या कुळातलं. त्यात दुसऱ्या कुळाच्या माणसाने तोंड घालायचं नसतं. गप्प बसून एक पाख शाकारून दिलं. आज जेवण घातलं वाएलुपेने. डुक्कर भाजलं होतं. डुकरातला कमरेचा वाटा कुणाचा, सांग."

"घर बांधणाऱ्याचा."

"आपल्याकडे शेंबडं पोर सुद्धा सांगेल! तर तो वाटा गेला मॅनेजरपुढे. मॅनेजरने त्याचा फोटो काढला. मग म्हणाला, मी डुक्कर खात नाही, आणि ताट सरकवलं कुत्र्याकडे. आणि माझ्यापुढे काय? डब्यातला मासा!" त्याचा आवाज चिरकला. "डब्यातला! मी हात धुतले. वाकस उचलली. वाएलुपे म्हणाला, अरे पाहुणा आहे, समजून घे. मी म्हटलं, समजलो. अर्धं छप्पर तसंच आहे. आता ह्या बेटावरचा एकही तुफुंगा त्याला हात लावणार नाही."

म्हातारा ओसो सुंभ वळता वळता थांबला. "पाहुणे कधी येणार म्हणे तिकडे?"

"पुढच्या रविवारी."

"मग उद्या वाएलुपे इथे येणार," ओसो म्हणाला. "तुझ्याकडे येऊन काही होणार नाही. सिआलाकडे येणार. बहिणीचा शब्द भाऊ मोडत नाही, हे त्यालाही ठाऊक आहे."

सिआलाने विहिरीशी पडलेल्या नवऱ्याकडे बघितलं. ओल्या चटईवर तो वाकडा झोपला होता.

"येऊ दे," ती म्हणाली. "ओसोकाका, तुमचा काळा कोट आहे ना अजून?"

वाएलुपे रविवारी चर्चमधून थेट आला. पांढरा कोट, टाय, बगलेत बायबल. ऊन बरोबर डोक्यावर होतं. तो नीरफणसाच्या सावलीकडे वळला, तिथे पेसामिनो पालथा पडला होता.

सिआला पुढे आली. अंगावर धुतलेला सणाचा पोशाख, केसांत फूल. "भाऊजी, मताईला झाडाखाली बसवलं तर गाव काय म्हणेल? घरात चला. पक्कं घर आहे."

पत्र्याखाली तिने घरातल्या सगळ्यात चांगल्या चटया अंथरल्या होत्या. दारासमोरच्या भिंतीला टेकून मताईची जागा. समोर काळ्या कोटात ओसो, मांडी घालून, हातात काठी. सिआला दारात बसली, यजमानीण बसते तशी, पाय दुमडून. दार तेवढंच होतं.

वाएलुपे बसला. "सिआला, मी जरा घाईत आहे, एक बोलायचं..."

ओसोने घसा साफ केला. मताई घरी आला की आधी त्याचं स्वागत होतं. स्वागत चालू असताना मध्ये बोलत नाहीत, उठत नाहीत. ते संपल्याशिवाय कामाचं बोलत नाहीत. आणि ओसोला कित्येक महिन्यांत कुणी बोलवलं नव्हतं.

त्याने समुद्रातून बेट वर आलं तिथून सुरुवात केली. वाएलुपे किताबाचा पहिला धनी, त्याची होडी, त्याच्या बायका, प्रत्येक बायकोचं माहेर. पत्रा कडकडत होता. त्याच्यावर आवाज जावा म्हणून ओसो मोठ्याने बोलत होता. सिआलाने वाफाळता कोको आणला. मानाचा प्याला, तो प्यायलाच लागतो. वाएलुपे प्यायला. त्याच्या कपाळावर घाम टपटपू लागला, टायची गाठ भिजून काळी झाली. त्याने बायबलाने वारा घ्यायला हात उचलला आणि लाजून पुन्हा मांडीवर ठेवला.

"पंखा हवा का, भाऊजी?" सिआलाने हळूच विचारलं. "एकच आहे. पेसाकडे आहे. काढून आणू त्याच्याकडून?"

"नको. नको."

ओसो तिसऱ्या वाएलुपेच्या लढाईपर्यंत पोचला होता. म्हातारा स्वतःही निथळत होता, पण त्याच्या डोळ्यांत जत्रेतल्या पोराचा आनंद होता. सिआलाने गरम सूप आणलं. वाएलुपेने वाडगा हातात घेतला आणि सूप मांडीवर सांडलं. त्याचं तोंड आधी लाल होतं, आता राखेच्या रंगाचं झालं. त्याने भिंतीला हात टेकला आणि चटका बसून काढून घेतला.

"ओसो," तो म्हणाला. मताईने बोलक्याला मध्येच थांबवलं होतं. दाराबाहेर, कुंपणापलीकडे अळूबद्दल बोलणाऱ्या बायका एकदम गप्प झाल्या.

"ओसो, पुरे. सिआला, झडी परत घे. पाठवून देतो. सगळ्या. इओएलुला तेवढं सांग, पुन्हा ये म्हणावं."

"परत कशाला, भाऊजी?" सिआला दारातून हलली नाही. "पाटीचं घर आहे की. सवय होईल."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिच्या तोंडावर यजमानिणीचं हसू तसंच होतं, पण तिची मूठ गुडघ्यावर इतकी आवळलेली होती की काप उलून रक्त आलं होतं.

"मला बाहेर जाऊ दे गं," तो म्हणाला.

तेव्हा ती बाजूला झाली. वाएलुपे उठला, धडपडला, झाडापाशी पोचला आणि भावाच्या उशाशीच ओकला. कोको, सूप, सगळं. पेसामिनोने मान वळवली. आपल्या पाठीवरचं ओलं फडकं काढलं आणि थोरल्यापुढे धरलं.

वाएलुपेने ते घेतलं आणि तोंडावर दाबलं. बराच वेळ काढलं नाही.

झडी मंगळवारी आल्या. आदल्या संध्याकाळच्या प्रार्थनेला चर्चमध्ये वाएलुपेने उभं राहून सांगितलं होतं की आजारी भावासाठी आपण पाचट दान करत आहोत. लोकांनी माना डोलावल्या. पाद्रीबाबाने त्याच्यासाठी प्रार्थना केली. सिआलाला उठून आभार मानावे लागले. तिने मानले.

हॉटेलच्या वळचणीवर चढवून काढलेल्या झडींची टोकं कात्रीने सरळ कापलेली होती. मॅनेजरला लोंबणारी पानं आवडत नव्हती म्हणे.

"ह्या आखूड झाल्या," इओएलु एक झड उलटून बघत म्हणाला. "खालच्या झडीवर पुरतं अंग पडत नाही. पाणी गळणार. चुलीच्या खोपटावर घालू."

"नको," सिआला म्हणाली. "सगळ्या इथेच लावायच्या. पूर्वेच्या टोकाला."

"ताई, पूर्वेच्या टोकाला..."

"मधल्या मेढीच्या वर."

इओएलु तिच्याकडे बघत राहिला. मग त्याचं पोट हलायला लागलं. आवाज न करता तो किती तरी वेळ हसला, डोळे पुसले आणि शिडी पूर्वेकडे लावली. हॉटेलचं छप्पर त्याने नंतर पुरं करून दिलं, बहिणीच्या शब्दाखातर. पाचट त्यांनी दुसऱ्या बेटावरून आणली, आणि डुकराचा वाटा त्याने आधी मागून घेतला.

पत्र्याच्या घरात सिआलाने कोकोच्या बिया वाळत घातल्या. वाळल्या छान.

नव्या फालेत पेसामिनो दुपारी झोपायचा. प्रवाळाच्या खड्यांवर चटई, पाठ वाऱ्याकडे. पाऊस आला की सिआला त्या बाजूचे झाप सोडायची, थांबला की वर बांधायची. त्याच्या पाठीला ती हात लावून बघायची, सवयीने. पाठ तिच्या हाताइतकीच गार असायची.

घरभरणीच्या दिवशी सगळं कुळ जमलं. मेढीमेढीपाशी माणसं बसली, ज्याची त्याची जागा. वाएलुपे पूर्वेच्या टोकाला मधल्या मेढीला टेकला. ओसोने स्वागताला सुरुवात केली तेवढ्यात आभाळ फाटलं.

छप्पर घुमायला लागलं, पाचटीवर पाऊस वाजतो तसं, मऊ. एक थेंब वाएलुपेच्या खांद्यावर पडला. त्याने वर बघितलं. दुसरा कपाळावर पडला. मग धार लागली, बारीक, मानेवरून सदऱ्याच्या आत जाणारी. डावीकडे दोन हात सरकला असता तर कोरडं होतं. तिथे दुसरी मेढ होती, त्याच्या चुलत्याची. चुलता समोरच्या पावसाकडे बघत होता. सगळेच पावसाकडे बघत होते.

वाएलुपे जागचा हलला नाही.

सिआलाने डुक्कर वाढलं. कमरेचा वाटा आधी इओएलुपुढे, मग मताईचा वाटा मताईपुढे, केळीच्या नव्या पानावर, दोन्ही हातांनी. त्याच्या पानात पाणी साचायला लागलं होतं.

"इथे गळतंय," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"हो ना, भाऊजी. तेवढ्याच झडी आखूड झाल्या." तिने त्याच्या पानातलं पाणी हाताने निपटून काढलं. "नवी झड शिवायला हवी. पण ऊस कुळाचा आहे. मताईंनी दिला, तर शिवीन."